एसटीने आलेला कंडेन्सर

मे महिन्यात पुण्याहून गुहागरला निघालं की गाडीत दोन गोष्टी टिकाव्या लागतात, एसी आणि सलोखा. आमचा एसी कुंभार्ली घाटात गेला. सलोखा त्यानंतर दहा मिनिटांनी.

घाट उतरताना मी खडीच्या डंपरच्या शेपटाला चिकटलो होतो. "मागे राहा," ही दोनदा म्हणाली. तेवढ्यात पुढे कुठेतरी टण्णकन आवाज झाला. चिपळूण येईतो एसीतून गरम उसासे यायला लागले. काचा उघडल्या तर धूळ, लावल्या तर भट्टी.

"गॅस संपला असेल," सासरे म्हणाले, दुसरा सिलिंडर लावून टाकू अशा थाटात. चहावाला, पेट्रोल पंपावरचा पोरगा, सगळ्यांचं निदान तेच.

गॅरेजवाल्याने जाळीतून टॉर्च मारली. रेडिएटरच्या पुढ्यात बारीक पत्र्यांचा कंडेन्सर असतो, सगळ्यात आधी मार खाणारा. त्याच्या कोपऱ्यात तेलकट ओला डाग आणि मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा. नायट्रोजन मारून साबणाचा फेस लावला, तर तिथूनच बुडबुडे.

"गॅस संपत नसतो साहेब, गळतो. नुसता भरून दिला तर गुहागरपर्यंतही पुरायचा नाही." मग सहज विचारलं, "डंपरच्या मागे होतात का?"

हिने माझ्याकडे पाहिलं. बोलली नाही, हे जास्त वाईट.

कंडेन्सर चिपळुणात नव्हता. तो दुसऱ्या दिवशी कराडहून एसटीने आला. आम्ही लॉजवर पंख्याखाली घामाने निथळत असताना हे महाशय तोच घाट उघड्या खिडकीच्या वाऱ्यात उतरले. मी स्टँडवर त्यांना उतरवून घ्यायला गेलो. जावयालासुद्धा कोणी इतकं जपून आणत नाही.

मग बंपर उतरला. ड्रायर आणि ओ-रिंगही नवे. आतली हवा आणि ओल ओढून काढायला अर्धा तास व्हॅक्यूम. शेवटी गॅसची टाकी वजनकाट्यावर ठेवून बॉनेटखालच्या स्टिकरवर होता तेवढाच, 450 ग्रॅम गॅस.

"अर्धा किलोच करा की," सासरे म्हणाले. आयुष्यभर मंडईत कोथिंबीर फुकट मागितलेला माणूस.

"जास्त झाला तर गार कमी करतो, काका."

हे मात्र त्यांना अजून पटलेलं नाही.

परतताना कुंभार्ली चढायला लागलो आणि पुढे पुन्हा खडीचा डंपर. मी गाडी बाजूला घेतली. आम्ही दोनदा चहा प्यालो.