कंगोऱ्यांचे नाना

चामड्याची कुठलीही वस्तू नानांच्या हाती पडली की ते आधी तिची कड बघतात. पाकिटात पैसे आहेत का, पर्स कुणाची, पट्टा नवा की जुना, हे सगळं मागाहून. परवा एका मुंजीत बटूचे मामा मांडवात घास घ्यायला बसले होते आणि नाना बाहेर उन्हात त्यांचा एक बूट डोळ्यांशी धरून उभे होते. मांडववाल्याच्या पोराने त्यांना हटकलं. नानांनी त्यालाच बुटाच्या वरच्या पट्टीची दातेरी कड दाखवली. "मशीनचं काम. एक दात दुसऱ्याहून वेगळा निघेल तर शपथ. अरे, जीव नाही यात!"

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर कुणी भजनी मंडळात जातं, कुणी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत लक्ष घालतं. नानांनी चर्मकाम धरलं. त्यातही शिवण, रंग, नक्षी हे प्रांत त्यांनी इतरांना देऊन टाकले आणि स्वतःकडे फक्त कंगोरे ठेवले. त्यामागे तत्त्वज्ञान आहे. कापडाची कड नागमोडी कात्रीने कापतात ती सुतं निघू नयेत म्हणून. चामड्यात सूतच नाही, तर निघेल काय? "म्हणजे ही कड निव्वळ हौसेची," असं सांगताना नानांचा आवाज जरा चढतो. सोळाव्या शतकात युरोपातले शौकीन लोक चामड्याच्या जाकिटांना मुद्दाम भोकं आणि चिरा पाडून घेत, हा दाखला ते लगेच जोडतात. नानी आतून म्हणतात, "आपल्याकडे जाकिटाला भोक पडलं की बोहारणीला देतात."

नानांची हत्यारं कॅनव्हासच्या गुंडाळीत असतात. गुंडाळी सोडण्याचा सोहळा पाहुण्याला चुकत नाही. आधी येतो गोल पंच. याने ओळीत भोकं पाडायची आणि भोकांच्या मधोमध पट्टी कापायची. कडेला आत घेतलेले चावे उरतात आणि दोन चाव्यांमध्ये टोक. कंगोरा बाहेर फुगलेला, पाकळीसारखा हवा असेल तर मात्र अर्धगोल छिन्नी. हा फरक समजावताना नाना पाहुण्याच्याच बशीतलं मारी बिस्कीट उचलतात, चहूकडून कुरतडतात आणि परत ठेवतात. मग एका ठोक्यात तीन-चार कंगोरे काढणारा लांब पंच, मग रेघ आखायचा टोकदार कंपास, मग लाकडी मोगरी. लोखंडी हातोडीचं नावही काढायचं नाही, तिने पंचाचं डोकं फुटून पसरतं. खाली लाकडाचा ठोकळा, तोही उभ्या तंतूंचा, म्हणजे धार बोथट होत नाही. हे सगळं खरं आहे आणि ज्याला हे काम करायचंय त्याने लिहून ठेवावं. नानांनी ते लिहूनच ठेवलंय.

इतिहास ते पेशवाईच्या हिशेबाने सांगतात. "१८१८ला पेशवाई बुडाली. त्यानंतर पाचच वर्षांत पॅरिसात ब्लांशार ही हत्यारांची कंपनी उभी राहिली. १८२६ला अमेरिकेत ऑस्बॉर्न. दोघी अजून पंच विकतायत. आणि आपण?" आपण काय, आपण चहा पितो. पण दोन्हीकडचे पंच नानांकडे आहेत. टपालाने आले, वर जकात पडली. जकातीची पावती नानींच्या हाती लागू नये म्हणून ज्ञानेश्वरीत ठेवली होती, लागली.

आता या सगळ्यातून तयार झालेल्या वस्तूकडे वळायला हरकत नाही. ती एक आहे आणि ती व्हायची आहे.

तो कमरेचा पट्टा. लांबी शंभर सेंटिमीटर. नानांचा पंच बारा मिलिमीटरचा. भागाकार केला तर त्र्याऐंशी कंगोरे बसून चार मिलिमीटर उरतात. कारागीर असं उरलेलं शेवटच्या दहा-वीस कंगोऱ्यांत केसभर सरकवून जिरवतो, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. नानांना ही लबाडी वाटते. त्यांनी दहाचा पंच मागवला. तो यायला दोन महिने लागले, मध्ये श्रावण, गणपती आणि पितृपक्ष होऊन गेला, आणि कमरेने चार सेंटिमीटर पुढे मजल मारली. एकशे चार सेंटिमीटरलाही दहा मिलिमीटरने भाग जातो, पण तोवर नानांना दहाचा कंगोरा बारीक, बायकी वाटू लागला होता. तेराचा घेतला तर बरोबर ऐंशी बसतात. तेराचा वाटेवर आहे.

दिवाळीच्या तोंडावर करंजीचं कातणं गायब झालं तेव्हा नानींनी चौकशी केलीच नाही, सरळ गुंडाळी उघडली. झाडांच्या सालींनी कमावलेलं चामडं थोडं ओलं करून त्यावरून कातणं फिरवलं की कापत नाही, पण नागमोडी खूण सुरेख उमटते, असा नानांचा शोध. "अहो, मग करंज्याही ओल्या चामड्याच्याच करा," म्हणून नानींनी नवं कातणं आणलं. जुन्याची नोंद आता हत्यारांत आहे.

मध्ये नाना कोल्हापूरला चप्पल लाईनीत जाऊन आले. एका दुकानामागे बसलेला कारागीर पट्ट्याची कड कातरत होता. पायाखाली लाकडाचा ओंडका, हातात पाइपाच्या तुकड्याला धार लावून केलेला पंच, डोकं ठोकून ठोकून पसरलेलं. आखणी नाही, कंपास नाही. नानांनी विचारलं, "हा पंच किती मिलिमीटरचा?" त्याने मान वर न करता उत्तर दिलं, "ह्यो? ह्यो ह्याच कामाचा." नानांचं बोलणं संपेतो त्याची पट्टी संपली होती, आणि शेवटचा कंगोरा पहिल्याला बिनतक्रार भिडला होता. नानांनी तो पाइप विकत मागितला. कारागिराने दिला नाही.

म्हणून हे जाहीर निवेदन. पुण्यात कुणाला अर्धगोल पंच हवा असेल, कुठल्याही मापाचा, तर तो नानांकडे आहे. मिळणार नाही. पण संध्याकाळी पाचनंतर गेलात तर माहिती पुष्कळ मिळेल. बिस्कीट मात्र आपलं आपण घेऊन जा.