पाचगणी, मार्गे हिंदूराव

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहा वाजता वाईकर सायकलवरून एकटेच वाईहून पाचगणीला निघाले. निघाले ते दिल्लीतल्या मलकागंजमधून.

वाईकर हे त्यांचं आडनाव नव्हे. गाव वाई, म्हणून या लेखापुरतं दिलेलं नाव. खरं नाव छापायला त्यांची हरकत नव्हती. हरकत घरून आली.

त्याचं असं झालं. काठगोदामहून नैनिताल, राणीखेत, अल्मोडा असा एकट्याने सायकलदौरा करायचा, म्हणून त्यांनी नऊ दिवसांची रजा मागितली होती. नऊपैकी एक दिवस मंजूर झाला, आणि तोही रविवार. आता माणसाने काय करावं? नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघात ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत संपवली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली विशीच्या उंबरठ्यावर सायकलने जगाला फेरी मारून आली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ तर सैबेरियासुद्धा तुडवून आलेले. आणि इथे वाईकरांच्या सायकलला बाल्कनीत टॉवेल वाळत घातलेला.

तेव्हा त्यांना ‘एव्हरेस्टिंग’ आठवलं. हा प्रकार ऑस्ट्रेलियातल्या सायकलवेड्यांनी २०१४ साली नियमात बसवला. कुठलाही एक चढ निवडायचा आणि चढलेल्या मीटरांची बेरीज ८,८४८ होईपर्यंत तोच चढत-उतरत राहायचं. बेरीज झाली की एव्हरेस्ट झालं. हिमालयात जायची गरज नाही, रजेचीही नाही.

प्रश्न चढाचा होता. दिल्ली म्हणजे पोळपाट. पण जगातल्या अतिप्राचीन डोंगरांमध्ये मोडणारी अरवलीची रांग मरता मरता दिल्लीत शिरते आणि उत्तरेला यमुनेच्या अलीकडे संपते. त्या शेपटाला म्हणतात रिज. शहरापेक्षा जेमतेम साठ फूट उंच, आणि तिच्यावर उभं आहे हिंदूराव. साठ फूट म्हणजे १८ मीटर. वाईकरांनी कागद घेतला आणि दरपत्रक तयार केलं : एव्हरेस्ट ४९२ फेऱ्या, काठगोदाम ते नैनिताल ८५, डेहराडून ते मसुरी ७६, वाई ते पाचगणी ३३.

“अहो, पाचगणीच घ्या,” सौभाग्यवती म्हणाल्या. “त्यातल्या त्यात परवडतंय. आणि जाताच आहात तर येताना स्ट्रॉबेरी आणा.”

आता हिंदूरावांविषयी. दिल्लीकराला हिंदूराव म्हटलं की महापालिकेचं मोठं रुग्णालय आठवतं, नाहीतर जवळचा बाडा हिंदूराव हा मोहल्ला. यातले हिंदूराव कोण, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. हे आपल्या कागलच्या घाटग्यांपैकी; ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे भाऊ. या टेकडीवर ईस्ट इंडिया कंपनीच्या विल्यम फ्रेझर नावाच्या बड्या अधिकाऱ्याचा बंगला होता. १८३५ साली फ्रेझरचा गोळी घालून खून झाला आणि पुढे तो बंगला हिंदूरावांनी घेतला. सपाट दिल्लीत वाईकरांना सापडलेला एकच चढ, आणि त्याच्या माथ्यावर बिऱ्हाड मांडलं ते घाटग्यांनी! वाईकरांना यात नियतीचा हात दिसतो. १८५७ साली इंग्रज जूनपासून सप्टेंबरपर्यंत याच रिजवर ठाण मांडून होते आणि हिंदूरावांचा बंगला हा त्यांचा मुख्य मोर्चा होता. हिंदूराव १८५५ मध्येच वारले होते, नाहीतर भाडं मागायला गेले असते.

पहिल्या पाच फेऱ्या झोकात झाल्या. धुकं असं दाट, की पसरणी घाटाचा भास व्हावा; घशात गेल्यावर तेवढा दिल्लीचा धूर निघाला. तिसऱ्या फेरीला वाईकरांनी मनातल्या मनात पसरणी गाव ओलांडलं आणि शाहीर साबळ्यांचं गाव म्हणून हँडलवरचा एक हात सोडून नमस्कार केला. समोरून फिरायला आलेल्या सरदारजींना तो आपल्याला वाटला. त्यांनीही हात जोडले.

सहाव्या फेरीला रुग्णालयाच्या फाटकावरचा पहारेकरी पुढे आला. “भाईसाहब, इमर्जन्सी का गेट पीछे रह गया.”

“मैं पेशंट नहीं हूँ.”

“तो किसका पेशंट है?”

“किसी का नहीं. मैं पाचगणी जा रहा हूँ.”

पहारेकऱ्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. अशी माणसं फाटकावर पाहायची त्याला सवय असावी. आवाज मऊ करून तो म्हणाला, “ठीक है. आराम से जाइए.”

नवव्या फेरीपासून वाईकर थांबे घेऊ लागले. घाटात पॉइंट असतात, तसे इथेही आहेत. रुग्णालयाच्या आवारात फिरोजशाह तुघलकाच्या काळातली बावडी आहे, आणि ‘पीर गायब’ नावाची इमारतही. आख्यायिका अशी, की इथला पीर एके दिवशी गायबच झाला. अकराव्या फेरीला वाईकरांचा दम त्याच दिशेने गेला. जवळच अशोकाचा स्तंभ आहे. तो फिरोजशाहाने मेरठहून इथे आणला. पुढे फर्रुखसियरच्या काळात स्फोट होऊन त्याचे पाच तुकडे झाले आणि ते जोडून १८६७ साली तो पुन्हा उभा केला. वाईकर गुडघे चोळत त्याच्याकडे आपुलकीने बघत बसले.

चौदाव्या फेरीला माकडांनी शिदोरी पळवली. कॅरिअरला अडकवलेल्या पिशवीत दोन दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तीन केळी होती. केळी गेली याचं काही नाही, पण एका माकडाने चटणी हुंगली, शिंकलं आणि पुडी रस्त्यावर पालथी केली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. तरी एक समाधान होतं. पसरणी घाटातही माकडं असतात, म्हणजे दौऱ्यात काही कमी पडत नव्हतं.

एकोणिसाव्या फेरीला चेन पडली. तिला एक रीत असते. मागचा डिरेल्युअर बोटाने पुढे ढकलायचा, चेन सैल झाली की पुढच्या चकतीच्या खालच्या दातांवर बसवायची आणि पायडल हाताने उलटं फिरवायचं. वाईकरांना ही रीत पाठ होती. तिसऱ्या प्रयत्नात चेन बसली आणि काळं ग्रीस दहा बोटं, कपाळ आणि एक कान एवढ्यावर समप्रमाणात वाटलं गेलं.

त्यापुढच्या फेरीला पहारेकऱ्याने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. “कहाँ तक पहुँचे?”

“आधा घाट हो गया.”

“बस नहीं जाती क्या वहाँ?”

जाते, हे वाईकरांना कबूल करावं लागलं. वाईच्या स्टँडवरून एसटी सुटते आणि तिकीट काढून खिडकीशी बसलं की खाली कृष्णा आणि धोमचं पाणी दिसतं. इथे खिडकीतून दिसली असती सब्जीमंडी. पण मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. एसटीत बसून घाट चढणाऱ्याला प्रवासी म्हणतात.

पंचविसाव्या फेरीला काठी टेकत चालणाऱ्या एका आजोबांनी त्यांना चढावर मागे टाकलं. सत्ताविसाव्याला पुन्हा टाकलं. तिसाव्याला आजोबा घरी गेले होते, म्हणून वाईकर पहिले आले.

एव्हाना बातमी पसरली होती. बत्तिसाव्या फेरीला फाटकाशी पहारेकरी, चहावाला आणि दोन ई-रिक्षावाले उभे होते. “दांडेघर!” पाचगणीच्या आधीचं गाव आल्याच्या आनंदात वाईकर धापा टाकत ओरडले. कुणाला काही कळलं नाही, पण चहावाल्याने टाळी वाजवली. तेहतिसाव्या फेरीला पाय हलत होते, सायकल हलत होती, फक्त टेकडी जागची हलत नव्हती. शेवटच्या वीस पावलांना पहारेकरी सीट धरून मागून धावला, लहानपणी बाप धावायचा तसा. फाटकाशी येताच त्याने एसटीच्या कंडक्टरसारखी आरोळी ठोकली, “चलो, पंचगनी आ गई, उतरो!”

वाईकर उतरले म्हणण्यापेक्षा सांडले.

परतताना कमलानगरच्या एका गाड्यावर त्यांना स्ट्रॉबेरी दिसली. दोन खोकी घेऊन, सायकल हातात धरून ते अकरा वाजता घरी पोचले. सौभाग्यवतींनी ग्रीस लागलेला कान पाहिला, रिकामी पिशवी पाहिली आणि मग खोक्यावरचा छाप वाचला.

“अहो, महाबळेश्वर? पाचगणीलाच थांबणार होता ना?”