उलट्या क्रमाने उतरणारा गृहस्थ

तळेगाव दाभाड्यापासून लोणावळ्यापर्यंतच्या पट्ट्यात २०२० नंतर एक नवी जमात वस्तीला आली. हिंजवडीची नोकरी सुटली नाही, हिंजवडीचा रस्ता तेवढा सुटला. यातला कुणी बँकेचं ॲप सांभाळतो, कुणी विमा कंपनीचं, आणि हे शेजाऱ्यांना निदान सांगता तरी येतं. एक नमुना मात्र असा असतो की, त्याचं काम त्याच्या सासऱ्यांनाही लग्नात धड कळलेलं नसतं. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, मेमरी परत करायची राहून गेलेली असते, ती चूक कुणीतरी दुरुस्त करतं आणि ती दुरुस्ती हा तपासतो. म्हणजे एकाने लिहिलेलं, दुसऱ्याने सुधारलेलं, ते हा दिवसभर वाचतो आणि संध्याकाळी ‘नाही’ म्हणतो.

‘नाही’ म्हणायचा पगार मिळतो याचं लोकांना नवल वाटतं, पण कारण साधं आहे. एखादा प्रोग्राम मेमरी घेऊन परत द्यायला विसरला, तर तो बंद झाल्यावर कर्नेल सगळी वसुली करतं. कर्नेलच विसरलं तर वसुलीला जाणार कोण? मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत ती मेमरी बुडाली, आणि सर्व्हर तर महिनोन्‌महिने बंद होत नाहीत. लिनस टोर्व्हाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत शिकता शिकता सुरू केलेल्या या कर्नेलच्या आज तीन कोटींहून जास्त ओळी आहेत, बहुतेक सी भाषेतल्या. सीमध्ये ज्याने घेतलं त्यानेच आठवणीने परत करायचं.

सगळं सुरळीत झालं तर काय होईल, यात या गृहस्थाला काडीचाही रस नाही. त्याचा जीव अडकतो अर्ध्यावर फसलेल्या कामात. ड्रायव्हर सुरू होताना आधी मेमरी घेतो, मग क्लॉक चालू करतो, मग इंटरप्ट मागतो. इंटरप्ट मिळालाच नाही तर आधी क्लॉक बंद करायचं, मग मेमरी सोडायची. क्रम उलटा, आणि घेतलं असेल तेवढंच सोडायचं, कणभर जास्त नाही. त्यासाठी फंक्शनच्या तळाशी ‘गोटू’ची लेबलं उतरंडीसारखी रचलेली असतात. कॉलेजात ‘गोटू’ वापरल्याबद्दल मार्क कापले जायचे. इथे ते नित्यकर्म आहे.

हे मला समजावं म्हणून त्याने एकदा लोणावळ्याच्या फलाटावर उभं करून सांगितलं, “कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात. घाट चढला की इथे सुटतात. सोडायला विसरलात तर इंजिनं अडकून पडली, ही झाली गळती. पण एखाद्या गाडीला बँकर लागलेच नाहीत आणि तुम्ही इथे सोडायला गेलात, तर दुसऱ्याच गाडीचे सोडाल!” एकदा सोडलेली मेमरी पुन्हा सोडली की तेच होतं. तोवर ती दुसऱ्याच्या हाती गेलेली असते.

त्याचा खरा शत्रू म्हणजे उत्साही होतकरू. असा एक मुलगा एका ओळीची दुरुस्ती पाठवतो: उपकरणाची नोंदणी फसली, तर ‘केफ्री’ करून मेमरी मोकळी. दिसायला सोज्वळ. गृहस्थ चहा बाजूला ठेवतो. नोंदणीच्या त्या फंक्शनच्या डोक्यावरच टीप लिहिलेली आहे की, हे फसलं तरी थेट मोकळं करू नका, ‘पुट डिव्हाइस’ म्हणा. कारण ते उपकरण कोण कोण धरून आहे याची मोजणी तोवर सुरू झालेली असते, आणि ती शून्यावर आली की मेमरी रीतसर सुटते. “आजवर नुसतं गळत होतं,” तो स्क्रीनकडे बघत पुटपुटतो, “आता फुटेल.” शिवाय ‘फिक्सेस’ची ओळ राहिलेली असते. तिच्यात मूळ बदलाची बारा अक्षरी खूण लागते, म्हणजे दोषाची जन्मपत्रिकाच. पोरगा तिसऱ्यांदा पाठवतो तेव्हा कुठे उत्तरादाखल ‘रिव्ह्यूड बाय’ आणि पुढे नाव. शाबासकीचा शब्द नाही. पण त्या ओळीत त्याने आपलं नाव गहाण टाकलेलं असतं, हे पोराला पुढे कळतं.

घरी हा माणूस सोसणं कठीण. लोहगडावर सगळे विंचूकाट्याकडे धावतात. हा महादरवाज्यापाशी थांबून बजावतो, “उतरताना महा, हनुमान, नारायण, गणेश.” जणू मधला एखादा दरवाजा उघडाच राहणार होता! पावसाळी शनिवारी मुंबईचे पाहुणे भुशी धरणाला म्हणून येतात, आणि हा दारातच विचारतो, “जादा गाद्या परत माळ्यावर कोण चढवणार?”

“अहो, ते अजून बसलेसुद्धा नाहीत!”

२०२३मध्ये कर्नेलला नवी सोय मिळाली. चल घोषित करतानाच खूण करायची, म्हणजे ब्लॉक संपला की सफाई आपोआप. घरच्यांना वाटलं, आता हा मोकळा होईल. झालं उलटंच. चलं ज्या क्रमाने घोषित केली त्याच्या उलट क्रमाने सफाई होते, म्हणून आता क्रमही तपासायचा. एकाच फंक्शनमध्ये जुनी ‘गोटू’ची तऱ्हा आणि ही नवी सोय यांची भेसळ करायची नाही, हा वर नियम.

मेमरीच्या अशा चुका हुडकणारी केमेमलीक, केसॅन अशी यंत्रं दिमतीला आहेत. पण ती जे चालतं त्यातलंच पकडतात. फसण्याची वाट वर्षानुवर्षं कुणी चालत नाही, त्यामुळे ती माणसालाच डोळ्यांनी वाचावी लागते. माझं मत विचाराल तर हा गृहस्थ असह्य आहे आणि बहुतेक वेळा बरोबर.

आमच्या सोसायटीत नव्या जनरेटरवर दोन तास चर्चा झाली. कंपनी, क्षमता, हप्ते, सगळं ठरलं. शेवटी हा उठून म्हणाला, “जुना कोण उचलणार?” सभा तहकूब झाली.

तुमच्याकडे असा कुणी राहायला आला असेल तर त्याला अध्यक्ष करू नका, एकही ठराव पास होणार नाही. खजिनदार करा.