बंडगार्डनहून किती सोडलं?

वैरागच्या माणसाला पुण्यातली चारच ठिकाणं पक्की माहीत असतात. स्वारगेट, ससून, दगडूशेठ आणि बंडगार्डन. पहिल्या तिन्हींशी प्रवास, दुखणं आणि नवस यांमुळं संबंध येतो. बंडगार्डनशी येतो तो पेपरमुळं. पावसाळा लागला की आमच्याकडच्या पेपरात चौकट यायला लागते : उजनी अमुक टक्के, दौंडचा विसर्ग इतके हजार क्युसेक, बंडगार्डनचा विसर्ग इतके हजार क्युसेक. त्यामुळं बंडगार्डन ही बाग आहे, हे मला चाळिशीनंतर कळलं. तोवर मी तो एक आकडा समजत होतो.

माझे चुलते नाना माझ्याही पुढं होते. तिथं इंग्रजांच्या काळात कधीतरी बंड झालं असावं आणि ते मोडून वर बाग लावली असावी, अशी त्यांची समजूत.

खरं तर उजनी धरण भीमेवर आणि वैराग भीमेपासून लांब. आमच्या बार्शी तालुक्याच्या नद्या म्हणजे भोगावती आणि नागझरी. त्या बिचाऱ्या पावसाळ्यात येऊन जातात, माहेरवाशिणीसारख्या. पण सोलापूर जिल्ह्यात राहून उजनीची चौकशी न करणं म्हणजे लग्नाला जाऊन जेवणाची चौकशी न करणं. चहाच्या टपरीवर दोन माणसं भेटली की आधी विचारतात, ‘उजनी किती?’ तब्येतीचं नंतर.

या उजनीचा हिशोबही शाळेत न शिकवलेला. धरणात सगळं मिळून ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं खालचं ६३ टीएमसी मृतसाठा. तेवढं पाणी पोटात असताना धरण शून्य टक्के म्हणायचं. त्याच्या खाली गेलं की वजा. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठच्या आसपास गेली होती आणि ऑगस्टात तीच शंभर टक्के भरली. बाहेरच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आपल्याकडं संशयानं बघतो. धरण वजा साठ टक्के भरलंय म्हणजे नक्की काय, हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही. आमचं पाचवीतलं पोर समजावून सांगतं.

तर मागच्या श्रावणात नानांचा मोतीबिंदू काढायला त्यांना पुण्याला नेलं. माझा पुतण्या खराडीला कंपनीत आहे, त्याच्याकडं उतरलो. ऑपरेशन झालं, दिवस भरले, डॉक्टरांनी हिरवा चष्मा उतरवायला परवानगी दिली. आता नव्या डोळ्यांना पहिलं काय दाखवायचं, यावर घरात चर्चा सुरू झाली. सूनबाई म्हणाली शनिवारवाडा. पुतण्या म्हणाला मॉल. त्याची आठ वर्षांची चिऊ म्हणाली मेट्रो. नाना म्हणाले, “मला बंडगार्डन दाखवा.”

पुतण्याला फार आनंद झाला. “नाना, तिथं आता नदीकाठ सुधार प्रकल्प झालाय. एकदम भारी केलंय. साबरमतीसारखं.” नाना काही बोलले नाहीत. त्यांना बागेशी काही देणंघेणं नव्हतं. चाळीस वर्षं ज्याचा आकडा वाचला, तो विसर्ग त्यांना डोळ्यांनी बघायचा होता.

गेलो. दगडी पायऱ्यांचा लांबलचक काठ, फरसबंद वाट, ओळीनं लावलेली रोपं. माणसं पळत होती. कुणी मागं लागलेलं नसताना माणसं पळतात, हे नाना नव्या डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. पुतण्या मार्गदर्शकाच्या सुरात सांगत होता : मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा काठ सुधारायचाय, २०२२ साली पंतप्रधानांच्या हस्ते सुरुवात झाली. झाडं तोडण्यावरून आंदोलनं झाली, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

“आणि साबरमतीत पाणी कुठनं येतं?” नानांनी विचारलं.

“नर्मदेच्या कालव्यातून सोडतात.”

“म्हंजे दुसऱ्याच्या हिरीवर आपली बाग,” नाना म्हणाले.

मी मात्र खूश होतो. सोलापुरात समुद्र नसताना पार्क चौकात चौपाटी चालवणारे आम्ही लोक. आम्हाला नदीची बाग आवडायला नदीत पाणी असलंच पाहिजे अशी अट नाही. इथं तर चक्क पाणी होतं. वर धरणातून सोडलेलं, दोन्ही काठ धरून निघालेलं.

नाना मात्र काठावर उभे राहून शेतकऱ्याच्या हिशोबात शिरले. आमच्याकडच्या माणसाला पाणी नुसतं बघता येत नाही. पाणी दिसलं की मोटार कुठं बसवायची, किती इंची पाइप टाकायचा, रात्रीची लाइट किती वाजता येणार, हे आपोआप सुरू होतं. “ह्या वळणावर साडेसातची मोटार झकास बसंल,” ते पुटपुटले. तेवढ्यात कडेला त्यांना हिरवागार पट्टा दिसला. दाट, लुसलुशीत. “लसूणघास लावलाय व्हय रं? जनावरं दिसंनात कुटं.”

ती जलपर्णी होती. सांडपाण्यावर पोसते. पुतण्यानं हे खालच्या आवाजात सांगितलं, पाहुण्यांसमोर घरातल्या दारुड्याची ओळख करून द्यावी तसं. मग घाईनं जोडलं की त्यावरही उपाय चाललाय. जपानच्या मदतीतून सांडपाणी शुद्ध करणारे अकरा प्रकल्प उभे राहतायत. त्या योजनेला पुण्यात सगळे ‘जायका’ म्हणतात.

“जायका म्हंजे?”

“जपानी संस्थेच्या नावातली अक्षरं आहेत, नाना.”

“आमच्याकडं हॉटेलाचं नाव असतंय. जायका म्हंजे चव. हितं घाण करायची अन् चव आमी बघायची.”

यावर पुण्याकडं उत्तर नव्हतं. कारण भूगोल नानांच्या बाजूनं होता. ही मुळा-मुठा दौंडच्या अलीकडं भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि उजनीचं पाणी बार्शीच्या, सोलापूरच्या नळाला येतं.

नाना धोतर सावरत पायऱ्या उतरायला लागले, तशी शिट्टी वाजली. “ओ बाबा, खाली जायचं नाही!” सुरक्षारक्षक धावत आला. “पाणी सोडलंय वरून. ह्या खालच्या पायऱ्या बुडतात.”

“किती सोडलंय?” नानांनी मागं न बघता विचारलं.

हा प्रश्न पुण्यातलं कुणी विचारत नसावं. रक्षकानं नानांची टोपी न्याहाळली. “कुठले तुम्ही?”

“वैराग.”

“मी माढ्याचा!” त्यानं शिट्टी खिशात टाकली. पुढची वीस मिनिटं त्या बागेत कुणीही कुठंही उतरलं असतं तरी चाललं असतं. तिकडं पाऊस आहे का, सोयाबीन पिवळं पडलं का, दौंडला किती चालू आहे, यंदा उजनी कधी प्लसमध्ये आली, असं सगळं झालं. पोरगं दिवसभर उभं राहून पाणी राखत होतं आणि रोज संध्याकाळी घरी फोन करून सांगत होतं, आज पायरी कितवी बुडाली. म्हणजे माढ्यातल्या एका घराला पेपरच्या आधी विसर्ग कळत होता. नानांच्या मते सगळ्या प्रकल्पात कामाचा माणूस तेवढा एकच.

त्यानंच आम्हाला कळण्यासारखी गोष्ट सांगितली. इथलं बंड म्हणजे बंधारा. १८५०च्या सुमारास सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या मोठ्या देणगीतून तो नदीवर बांधला, लोकांना पाणी मिळावं म्हणून. बाग नंतरची. नाना समाधानानं मान हलवत राहिले. आधी बंधारा, मग बाग, हा क्रम त्यांना पटला. “आता मधलं ऱ्हायलं अन् काठाला लागलेत. नुसता काठ जरीचा करून लुगडं नवं होतंय व्हय?”

परतताना पुलाजवळ एक बाई स्कूटरवरून उतरल्या. हातात निर्माल्याची फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी पिशवीला भक्तिभावानं नमस्कार केला आणि हात कठड्याबाहेर काढला.

“ताई,” नाना फार नम्रपणे म्हणाले, “टाकू नका. खाली आमी ऱ्हातो.”

ताईंनी दचकून कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. खाली कुणीच नव्हतं. त्यांनी नानांकडं पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, आणि पिशवी स्कूटरला अडकवून निघून गेल्या. बहुधा म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं समजून.

तर पुणेकरहो, बाग छान आहे. जरूर जा, पळा, फोटो काढा. फक्त काही टाकायला हात उचललात तर एकदा खाली बघा. लगेच कुणी दिसणार नाही, दीडेकशे किलोमीटर बघावं लागेल. पण खाली आम्ही राहतो.