खोलीवाले आबा

धाड गावात भाड्याची खोली शोधायला ब्रोकर लागत नाही. स्टँडवरच्या टपरीवर 'रूम पाह्यजे होती' एवढं म्हणा, चहा येण्याआधी कोणीतरी आबांकडे धाडतो. असे आबा गल्लोगल्ली आहेत. बुलढाणा-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं हे गाव, पलीकडे लगेच जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका. बँक, शाळा, दवाखाना, पोलीस ठाणं, सगळीकडे बदलीवर आलेली माणसं. त्यांच्या भरवशावर आबांनी घरामागे चार खोल्या काढल्या. दोन स्लॅबच्या, दोन टिनाच्या. टिनाच्या खोलीत मे महिन्यात काय होतं, ते भाड्यात धरलेलं नसतं.

आबा भाडं सगळ्यात शेवटी सांगतात. आधी मुलाखत.

"आडनाव काय म्हन्ले?"

त्यावर समाधान झालं नाही तर "गाव कोनतं?", मग "मामाचं गाव?" जात विचारणं आबांना पटत नाही, म्हणून ते ती शोधून काढतात. लग्न झालेलं नसेल तर "एकट्या पोराले देत नाही", झालेलं असेल तर "मंग पानी लय लागते."

या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळतात ते अप-डाऊनवाल्या सरांनाच. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावं, हा सरकारी नियम आणि घरभाडे भत्त्याची गाठ त्याच्याशी. 2019 साली तर ग्रामविकास खात्याने तिथं राहत असल्याचा ग्रामसभेचा ठरावही मागितला. त्यामुळे सर बुलढाण्यात राहतात आणि भाडं धाडला भरतात. ना पाहुणे, ना पाणी, ना लाईट बिलावरून कटकट! खोलीत सरांची एक खाट, एक बादली आणि आबांची सोयाबीनची पोती. चौकशीला साहेब आले की आबा छातीठोकपणे सांगतात, "सर इथंच राह्यते." पोत्यांविषयी साहेब विचारत नाहीत.

कागदाचं नाव काढलं की मात्र आबा दुखावतात. "आपल्यात कागद कायले?" महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. हे आबांना अजून कोणी वाचून दाखवलेलं नाही. मीही दाखवणार नाही. मला याच गल्लीतून जा-ये करायची आहे.

परवा दवाखान्यात बदलून आलेल्या सिस्टर खोली बघायला आल्या. आबांनी सवयीने विचारलं, "अप-डाऊन ना?"

"नाही हो आबा, इथंच राहणार."

"राह्यनार? म्हंजे रोज?"

असा भाडेकरू आबांच्या हिशेबात बसत नव्हता. त्यांनी आडनाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, नळाची पाळी सांगून भेवडावून पाहिलं. सिस्टर हलेनात. त्यांनी कोपऱ्यातली पोती दाखवली. "ही कधी काढणार?"

"भाव आला की." सोयाबीनचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, तेव्हा बाजारात त्याहूनही कमी मिळत होता, आणि आबा सहा हजारांसाठी अडून बसलेले.

सिस्टर पर्स बंद करून निघाल्या, तेव्हा आबा जरा नरमले. "बरं, तुमच्यासाठी पाचशे कमी करतो. पन पोत्यांवर तेवढं लक्ष ठेवा ताई, उंदरं लय झाले."