मुहूर्त चुकलेले डोहाळे

दिवस गेल्याची बातमी पहिले तीन महिने बाहेर फोडायची नाही, हा मराठी घरांतला अलिखित कायदा. दृष्ट लागते, असं आजी म्हणते. पहिले बारा आठवडे जपायला हवेत, असं डॉक्टर म्हणतात. कायदा चांगलाच आहे. फक्त तो करताना मळमळीला कुणी विचारलेलं नसतं. ती साधारण सहाव्या आठवड्यात हजर होते, नवव्याच्या सुमारास भरात येते आणि चौदाव्या-सोळाव्या आठवड्यापर्यंत बहुतेकींचा निरोप घेते. म्हणजे तोंड बंद ठेवायचे दिवस आणि तोंड दाबून बेसिनकडे पळायचे दिवस नेमके एकच.

दहातल्या सात-आठ गर्भवतींना हा त्रास होतो आणि त्या सगळ्यांना ऑफिसात ‘ॲसिडिटी’ झालेली असते. कुणाला बाहेरचं खाणं बाधतं, कुणाला एसी सोसत नाही. हा त्रास फक्त सकाळचा, असं सिनेमाने सगळ्यांना शिकवून ठेवलंय. प्रत्यक्षात तो दुपारच्या मीटिंगमध्येही येतो आणि रात्री भांडी आवरतानाही. मग चहाच्या टेबलावरून पुन्हा एकदा रुमाल तोंडाला लावून उठणाऱ्या बाईकडे दोन लेकरांची आई असलेली सहकारी नुसतं बघते. बोलत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी की-बोर्डशेजारी आवळा सुपारीची डबी येऊन बसलेली असते.

राजवाड्यातही याहून वेगळं घडत नाही. डिसेंबर २०१२मध्ये ब्रिटनच्या केट मिडलटन यांना उलट्यांमुळे लंडनच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि बारा आठवडे व्हायच्या आतच राजघराण्याला गोड बातमी जाहीर करावी लागली. तिथे दारात पहारेकरी होते. ठाण्याहून चर्चगेटला जाणाऱ्या बाईकडे फक्त ओढणी असते. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या राखीव डब्यातून गर्भवतींनाही प्रवास करता येतो, पण सातव्या आठवड्यात पोट कुठे दिसतं? जेव्हा दिसायला लागतं आणि समोरची बाई आपणहून उठून जागा देते, तेव्हा मळमळ केव्हाच दादरला उतरून गेलेली असते.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे वास. ज्या घरात आंबेमोहोर शिजला की शेजारी चौकशी करायचे, त्याच घरात आता कुकरची वाफ सुटली की सूनबाई गॅलरी गाठते. लसणाची फोडणी, हिंग, फ्रिजचं दार, नवऱ्याचा वाढदिवसाला आणलेला परफ्युम, सगळे एका रांगेत गुन्हेगार. मालवणी घरात तर सुकट भाजायची की सुनेला घरात ठेवायचं, असा पेच पडतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या सॅम्युअल फ्लॅक्समन आणि पॉल शर्मन यांनी २००० साली याचा एक अर्थ लावला: मांस, मासे, अंडी अशा, रोगजंतू असण्याची शक्यता जास्त असलेल्या पदार्थांपासून आई आणि गर्भ दूर राहावेत, म्हणून शरीराने केलेली ही सोय असावी. त्यांनी २७ पारंपरिक समाजांच्या नोंदी तपासल्या. २० समाजांत हा त्रास माहीत होता. ज्या ७ समाजांत नव्हता, तिथे मांसाहार मुख्य आहारात कमी आणि मका वगैरे धान्य जास्त. तर्क देखणा आहे. पण वरणभातानेही ज्यांना उमळून येतं, त्या शाकाहारी सुनांनी कोणाकडे दाद मागायची, हे त्यात सांगितलेलं नाही.

आपल्याकडचे जुने वैद्य निदानात पक्के होते. चरकसंहितेतल्या गर्भलक्षणांत तोंडाला पाणी सुटणं, अन्नावरची वासना उडणं, उलटी आणि आंबटाची ओढ हे सगळं आहे. सोसायटीतल्या काकू सोनोग्राफीआधी जे ओळखतात ते याच यादीवरून. सुश्रुताने पुढे जाऊन डोहाळे पुरवलेच पाहिजेत, नाहीतर मुलात व्यंग येतं, असं बजावलं आणि कोणत्या डोहाळ्याला कसं मूल होतं तेही सांगून ठेवलं. राजाला पाहावंसं वाटलं तर मूल धनवान निपजणार. रेड्याचं मांस खावंसं वाटलं तर शूर, लाल डोळ्यांचं आणि केसाळ. रात्री साडेदहाला पाणीपुरी खावीशी वाटली तर काय, यावर सुश्रुत गप्प आहे. डोहाळे पुरवणं हे नेहमीच सरळ प्रकरण नसतं, हे मात्र रामायणाने सांगून ठेवलंय. गंगाकाठचे आश्रम पाहायची इच्छा सीतेने बोलून दाखवली, आणि ती पुरवण्याच्या नावाखाली लक्ष्मण तिला रथात बसवून जो घेऊन गेला तो तिथेच सोडून आला.

मळमळीविरुद्धची आजची मोहीम मात्र व्हॉट्सॲपवर चालते, कारण ‘कुणालाच सांगायचं नाही’ या यादीत आई, सासू, दोन मावश्या आणि एक चुलतजाऊ धरलेल्या नसतात. आईचा हुकूम आलेपाकाचा. सासूबाईंचा साळीच्या लाह्या आणि खडीसाखरेचा. मावशी लिंबाला मीठ लावून चाटायला सांगते, दुसरी मोरावळ्याची बरणी कुरिअरने धाडते, आणि जाऊ म्हणते, ‘अगं, उशाशी मारी बिस्किटं ठेव, डोळे उघडले की आधी दोन खा, मग पाय खाली टाक.’ नवरा इंटरनेटवरून मनगटाला बांधायचा पट्टा मागवतो. मनगटावरच्या रेघेपासून तीन बोटं खाली एक बिंदू असतो, तो दाबायचा म्हणे. ती पट्टा बांधते. निदान ऑफिसातल्या लोकांना तो स्टेप्स मोजणारा वाटतो.

गंमत म्हणजे यातलं पुष्कळसं बरोबर निघतं. पोट अगदी रिकामं असलं की मळमळ वाढते, म्हणून जाऊबाईंची बिस्किटं, नाहीतर खारी, टोस्ट, भाजलेले चुरमुरे. दर दोन तासांनी घासभर खायचं, पाणी जेवणासोबत घटाघटा न पिता मधल्या वेळात घोट घोट घ्यायचं, हेही डॉक्टर सांगतात. गरम अन्नापेक्षा गार अन्नाचा वास कमी येतो, म्हणून वाफाळत्या आमटीपुढे हात टेकणारी बाई फ्रिजमधला दहीभात निवांत संपवते. आल्याबद्दल तर चाचण्याही झाल्या आहेत. दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठेच्या मात्रेने मळमळ कमी होते, उलट्यांवर मात्र तेवढा भरवसा ठेवता येत नाही. आलेपाकाच्या वडीत आलं किती आणि साखर किती, हा प्रश्न विचारायचा नाही. आईला वाईट वाटतं. आल्याच्या चहानेही बरं वाटतं, पण दिवसाकाठी कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा म्हटल्यावर चौथा कप सासऱ्यांच्या वाट्याला जातो.

गोळीचं नाव काढलं की मात्र घर गप्प होतं. त्याला कारण आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध आलं आणि गर्भवतींच्या मळमळीवरही ते सर्रास दिलं गेलं. १९६१मध्ये ते मागे घेतलं गेलं, पण त्यापायी जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं व्यंग घेऊन जन्माला आली. अमेरिकेत ते बाजारात येऊ शकलं नाही, कारण औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी या बाईंनी कंपनी मागे लागलेली असतानाही आधी पुरावा दाखवा, असा हट्ट धरला. या धक्क्यात एका निरपराध औषधाचाही बळी गेला. डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची गोळी अमेरिकेत १९५६पासून मिळत होती. तिने बाळाला अपाय होत नाही, असंच अभ्यास सांगत होते, तरी खटल्यांच्या खर्चाला कंटाळून कंपनीने १९८३ साली ती बंद केली. ती परतली २०१३मध्ये, नवं नाव घेऊन. मधल्या तीस वर्षांत तिथल्या किती बायकांनी केवळ बिस्किटांवर दिवस काढले असतील! आपल्याकडेही डॉक्टर हीच जोडगोळी लिहून देतात आणि सासूबाई चिठ्ठी दोनदा वाचतात.

मुहूर्त नीट सांभाळणारी एकच संस्था सापडते, ती म्हणजे सरकारी दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनी मळमळ आणखी चाळवते. तिथे पहिल्या तीन महिन्यांत फोलिक ॲसिड देतात आणि लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू करतात. अंगणवाडीसेविकेला जे ठाऊक असतं ते आत्याबाईंना नसतं. त्या दुसऱ्याच महिन्यात बीट, खजूर आणि अळीव घेऊन दारात उभ्या.

‘हे सगळं मनाचे खेळ’ म्हणणारेही भेटतात. विसाव्या शतकात काही मनोविश्लेषकांनी तर बाईला मूल नको असतं म्हणून तिला उलट्या होतात, असा शोध लावला होता. डिसेंबर २०२३मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात केंब्रिजचे स्टीफन ओ’राहिली आणि कॅलिफोर्नियाच्या मार्लेना फेझो यांच्या गटाने खरा मुख्य आरोपी उभा केला. त्याचं नाव जीडीएफ-१५. हे संप्रेरक गर्भाकडून आईच्या रक्तात येतं. गर्भारपणाआधी जिच्या अंगात ते कमी असतं, तिला त्याचा तडाखा जास्त बसतो; थॅलेसेमियासारख्या आजारामुळे ज्यांच्यात ते मुळातच जास्त असतं, त्या बायकांना मळमळ जवळजवळ होतच नाही. फेझो यांनी स्वतः १९९९ साली याच त्रासापायी पोटातलं बाळ गमावलं होतं. शंभरातल्या एकदोघींचा त्रास असा विकोपाला जातो. पाण्याचा घोटही टिकत नाही, लघवी गडद आणि कमी होते, वजन घटतं. तिथे आलेपाक, लाह्या आणि मावशी तिघांनाही बाजूला सारून सलाइन लावावं लागतं.

बाकीच्यांचं मळभ मात्र चौथ्या महिन्यात एक दिवस अचानक फिटतं. आंबेमोहोर पुन्हा घमघमतो, सुकट पुन्हा हवीशी वाटते. आणि मग, सगळं आलबेल झाल्यावर, सातव्या महिन्यात थाटात डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण, झोपाळा. ‘काय खावंसं वाटतंय, सांग ना!’ चाळीस बायका विचारतात. जेव्हा तिला एका सुक्या टोस्टाशिवाय काही चालत नव्हतं तेव्हा विचारायची सोय नव्हती. आता पाच तऱ्हांचा भात, पुरणपोळी आणि बासुंदी मांडलीय, आणि वाढत्या गर्भाने जठर असं दाबलंय की चार घासांत छातीत जळजळ सुरू होते. या वेळी मात्र ती खरोखरच ॲसिडिटी असते.

शेवटी वाट्या येतात. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. कायद्याने सोनोग्राफीतून लिंगनिदान करायला बंदी आहे, मिठाईतून नाही. ती वाटी उचलते, बर्फी निघते. ‘मला वाटलंच होतं, हिला मळमळ किती झाली!’ मागून काकूंचा आवाज येतो. काकूंच्या बाजूने थोडा पुरावाही आहे: १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या आकडेवारीत, पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांमुळे रुग्णालयात जावं लागलेल्या आयांना मुली किंचित जास्त झालेल्या दिसल्या. पण किंचितच. ती वाद घालत नाही. बर्फी तोंडात टाकते, दुसरी वाटी उलथून पेढाही उचलते आणि आणखी एक आहे का, असं विचारते.