शेळ्या काळ्या, लेबलं कोरी

बँकेत असताना सहीतल्या एका वेलांटीवरून मी चेक परत करत असे. समोरचा कितीही काकुळतीला येवो, ‘नियम म्हणजे नियम’ हे माझं वाक्य तयार असायचं. निवृत्तीनंतर मी शेळीपालनात पडलो आणि त्या सगळ्या खातेदारांचे तळतळाट एकदमच वसूल झाले.

शेळ्या घेतल्या उस्मानाबादी. काटक जात, जुळी करडं देणारी आणि बहुतेक काळीभोर. त्यातली गंगा कोणती आणि गोदा कोणती, हे फक्त बायकोला कळायचं. सरकारी बिल्ले मारायला माणूस आला, तर ‘कशाला मुक्या जिवाचे कान टोचता’ म्हणून मीच त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

मग एक शेळी भरत आलेली असताना गाभडली. पाठोपाठ दुसरी. शेजारचे तात्या म्हणाले, “दृष्ट लागली, साहेब.” डॉक्टर म्हणाले, “ब्रुसेलोसिस असेल. सगळ्यांचं रक्त तपासू. मेलेलं करडू कुणी उचललं?” मी अभिमानानं हात वर केला. हातमोजे घातले होते का, हा पुढचा प्रश्न आल्यावर तो हात खाली घेतला.

हा रोग माणसालाही लागतो. येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे धरणं. माल्टा बेटावर ब्रिटिश शिपाई या तापानं बेजार व्हायचे. डेव्हिड ब्रूसनं 1887 मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून ते कळेना. 1905 मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं आणि चोर सापडला. दारोदार नेऊन ज्यांचं ताजं दूध काढून देत, त्याच या शेळ्या. दिसायला अगदी ठणठणीत. धारोष्ण दुधाचे गोडवे मीही गावभर गात होतो.

रक्त काढायच्या दिवशी तात्यांनी शेळी धरायची, डॉक्टरांनी गळ्याची शीर अंगठ्यानं दाबून फुगवायची आणि सुई घालायची, अशी वाटणी झाली. अक्षर चांगलं म्हणून लेखणी माझ्याकडे. काम संपतं न संपतं तोच अडलेल्या गाईसाठी डॉक्टरांना फोन आला. जाता जाता ते म्हणाले, “नळ्या हलवू नका, तिरक्या ठेवा, गोठवू नका. वर पाणी सुटेल तेच तपासायचंय.” मी मान डोलावली. खोकल्याच्या औषधावर वाढलेला माणूस मी, बाटली हलवल्याशिवाय हाताला चैन पडत नाही. प्रत्येक नळी मनापासून हलवली. वर रक्त नासू नये म्हणून रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारांच्या शेजारी ठेवली. मटार नंतर बायकोनं फेकले. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही.

सकाळी बर्फाच्या खोक्यातून नळ्या प्रयोगशाळेत नेल्या. तिथल्या मुलीनं एक नळी उजेडात धरली. वरचं पाणी फिकट पिवळं हवं होतं, माझं कोकम सरबत झालं होतं. रक्तातल्या पेशी फुटल्या होत्या. बर्फ वितळून जेल पेनाची शाईही पुसली गेली होती, म्हणजे नावं कुणाचीच नव्हती. “काका, हे परत न्या,” ती म्हणाली. मी गयावया केली. तिनं माझंच जुनं वाक्य मला ऐकवलं. तिचं बरोबर होतं.

पुढच्या खेपेला आधी कानात बिल्ले पडले, मग सुई. नळीवर बिल्ल्याचा नंबर, तोही न पुसणाऱ्या शाईनं. या वेळी मुलीनं मला परीक्षा बघू दिली. काचेवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब आणि गुलाबी द्रावणाचा एक थेंब घेऊन ढवळायचं आणि चार मिनिटं थांबायचं. गुलाबी रंग तसाच एकसारखा राहिला तर सुटका. रवा पडल्यासारखे कण दिसले तर संशय, मग एलायझा करून खात्री.

कण एकीच्याच थेंबात दिसले आणि एलायझानंही तिच्यावरच बोट ठेवलं. डोळे पाणीदार म्हणून आठवडी बाजारातून विनाचौकशी आणलेली ती शेळी. तात्यांचा सल्ला होता, “तिथंच विकून टाका.” म्हणजे पुढच्या गोठ्यात हाच तमाशा. विकली नाही, वेगळी बांधली. माझंही रक्त तपासलं, ते निर्दोष निघालं. माणसांच्या प्रयोगशाळेत नाव तीनदा विचारतात, तेव्हा आता मला राग येत नाही.

शेळी घेणार असाल तर आधी रक्त तपासा, बिल्ला मारू द्या. गाभडलेलं करडू आणि वार उघड्या हातानं उचलू नका, चुना टाकून खोल पुरा. आणि दूध उकळूनच प्या.